ईश्वरप्पाचा हत्ती आणि माझ्या नऊ तबकड्या

एकोणीसशे एकोणऐंशी साली सोलापुरात टेलिव्हिजन दिसत नव्हता. नुसता ऐकू येत होता. म्हणजे मुंबईहून आलेले पाहुणे त्याच्याबद्दल सांगत आणि आम्ही ऐकत असू. अशा गावात, घरात टेलिव्हिजन नसताना, परदेशी टेलिव्हिजनच्या जुन्या कार्यक्रमांचा आणि कार्टून चित्रपटांचा संग्रह बाळगणारा एकच माणूस होता, आणि तो मी. हे मी चारचौघांत अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत असे. लोक हसले की मला त्यांची कीव येई. आता ती कीव मी स्वतःसाठी राखून ठेवली आहे.

ह्या वेडाला कारण माझा भाचा हरिदास. तो अमेरिकेत अटलांटा गावी इंजिनिअर. लहानपणी मी त्याला सिनेमाला नेत असे ते मुख्य चित्रपटासाठी नव्हे, तर त्याआधी सात मिनिटं जे कार्टून दाखवत त्यासाठी. कार्टून संपलं की मामा-भाचे दोघेही झोपत असू. ह्या संस्कारांना जागून त्याने उन्हाळ्यात मला एक चौकोनी पार्सल पाठवलं. आत ताटाएवढी एक चंदेरी तबकडी. पत्रात लिहिलं होतं, ‘मामा, इकडे नवीनच निघालंय. ह्या तबकडीत पूर्ण चित्रपट असतो. यंत्रात घालायची, यंत्र टीव्हीला जोडायचं, की चित्रपट दिसतो. यंत्र पुढेमागे आणीन. तोवर तबकडी ठेवा.’

मी ठेवली. नुसती ठेवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी त्याला उलट टपाली लिहिलं की आणखी पाठव. पावसाळा संपेपर्यंत माझ्याकडे नऊ तबकड्या जमल्या: सहा कार्टूनच्या, तीन जुन्या टेलिव्हिजन कार्यक्रमांच्या. त्यांच्यासाठी मी कपाटातला वच्छलेच्या पैठणीचा कप्पा रिकामा करून घेतला. वच्छला म्हणजे माझी बायको. पैठणी ट्रंकेत गेली, आणि त्या दिवसापासून वच्छला माझ्या संग्रहाला ‘सवत’ म्हणू लागली. दर रविवारी मी सवतींना मऊ फडक्याने पुसत असे. त्यांची एक वहीही केली होती. क्रमांक, नाव, कुठून आली, स्थिती कशी, आणि शेवटचा रकाना ‘पाहिली का’. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत माझ्या वळणदार अक्षरात ‘नाही’ असं नऊ वेळा लिहिलेलं होतं.

पण म्हणून मी गप्प बसणारा माणूस नव्हे. पाकिटावर चित्रं आणि इंग्रजीत माहिती असे. तेवढ्या भांडवलावर मी पेठेतल्या लोकांना बोलावून अख्खा चित्रपट तोंडाने करून दाखवत असे. एक हत्ती छत्री घेऊन दोरीवरून चालतो, दोरी तुटते, हत्ती छत्रीला लटकत खाली येतो. सोंडेचा आवाज मी करी, दोरीचा आवाज मी करी, पडल्यावरचा धप्प आवाज करायला पाटावरून उडी मारी. पाकिटावर चारच ओळी होत्या, माझा खेळ पाऊण तास चाले. वच्छला आतून म्हणायची, ‘‘अहो, अमेरिकेतल्या हत्तीनं एवढी धडपड केली नसेल हो.’’

येणारा प्रत्येक जण मला एकच सल्ला देत असे. ‘‘साहेब, फोनोवर लावून बगा की.’’ आमच्या घरी वडिलांच्या वेळचा चावीचा फोनो होता. तबकडीला मध्ये भोक, फोनोला मध्ये खिळा, मग अडचण काय, असा त्यांचा सरळ हिशेब. मी हसून सांगे, ‘‘अहो, हे विज्ञान आहे. फोनोचं इथं काय काम?’’ हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मलाही ते पुढे पुष्कळ दिवस लक्षात ठेवावं लागलं.

एकदा चौकातल्या हॉटेलात चहा पिताना मी हरिदासचं नवं पत्र मोठ्याने वाचत होतो. त्याने तबकडीची करामत समजावून दिली होती. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी बारीक खळगे असतात, त्यांच्यावरून प्रकाशाचा किरण फिरतो, आणि खळगा कुठे आहे, कुठे नाही, हे वाचून चित्र तयार होतं. मंडळी हसून हसून बेजार झाली. ‘‘खळग्यातनं पिच्चर येतो व्हय? मग आमच्या रस्त्यावर रोज तीन खेळ व्हायला पायजेत!’’ एवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून बशीने चहा पिणारा एक माणूस न हसता म्हणाला, ‘‘मंजी आमचं कार्डच की हो.’’

हाच ईश्वरप्पा.

ईश्वरप्पा आबासाहेबांच्या चादरीच्या कारखान्यात कार्डं मारायचं काम करी. सोलापुरी चादर सगळ्यांनी पांघरलेली असते, पण तिच्यावरचा मोर मागाला कसा कळतो, हे कुणी विचारत नाही. मीही त्याच गावात पंचेचाळीस वर्षं त्या चादरीत घोरत होतो, मीही विचारलं नव्हतं. चौकटीच्या कागदावर आधी मोर काढतात. मग एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक लांबट कार्ड घेऊन त्याला भोकं पाडतात. कार्डं दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागावर टांगतात. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या प्रत्येक फेरीला मोर एकेक ओळ पुढे सरकतो. ही भोकं ईश्वरप्पा चाळीस वर्षं पाडत होता. त्यामुळे जे ऐकून शिकलेसवरलेले लोक हसले, ते त्याला पहिल्या घोटात कळलं. मला ते पत्र तीनदा वाचूनही कळलं नव्हतं, पण मी वाचून दाखवत होतो म्हणून सगळ्यांना वाटत होतं की मला कळलंय.

माणूस बारका, टोपी मोठी, आणि चष्म्याची एक काडी मोडलेली असल्यामुळे त्या जागी सुताचा दोरा कानामागे गुंडाळलेला. जगाकडे तो घरं मोजतच पाही. घर म्हणजे कागदावरची चौकट. ‘‘तुमचं नाक साहेब, सहा घरं. गाल सोपे हायत, सरळ भरत जायचं.’’ माझ्या देहाच्या विस्ताराचं इतकं सभ्य वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मी त्याला घरी नेऊन तबकडी दाखवली. त्याने हात धोतराला पुसले, तबकडी कडेने धरली, उजेडात तिरपी केली. ‘‘एका बाजूला किती चित्रं?’’

‘‘चोपन्न हजार.’’

त्याने तबकडी खाली ठेवली. ‘‘कोन मारतो हो येवढी कार्डं? मनगट ऱ्हातंय का त्याचं?’’

‘‘यंत्र करतं ते.’’

‘‘आनि पयली चित्रं? ती बी यंत्रच?’’

‘‘नाही. ती हातानं काढतात. एकेक. हत्तीनं पाय उचलायचा तर दहाबारा हत्ती काढायचे, प्रत्येकाचा पाय जरा जरा वर.’’

ईश्वरप्पाने पाकिटावरच्या हत्तीच्या पायावरून बोट फिरवत घरं मोजली. मग म्हणाला, ‘‘चाळीस वर्सं हत्ती काढतोय, साहेब. चादरीच्या काठावर रांगेनं हुबं हायती. लाखानं असतील. येकानं आजवर पाय उचलला न्हाई.’’ आणि मग जरा लाजून, ‘‘मला येकदा दाखवता का? काढलेला हत्ती पाय उचलताना?’’

‘‘दिवाळीला,’’ मी छाती फुगवून म्हणालो. ‘‘हरिदास यंत्र घेऊन येतोय.’’

‘‘मार्गशीर्षाच्या आत व्हईल न्हवं? डाक्तरनं तवाची तारीख दिलीया. दोनी डोळ्यात मोती हाय. कापल्यावर दिसंल, न्हाई दिसंल.’’

हे तो चादरीतला तुटका धागा दाखवावा तसं सांगून गेला. मला मात्र त्या दिवसापासून नऊ तबकड्यांचं ओझं वाटू लागलं. भेटेल तिथे तो विचारी, ‘‘साहेब, आला का हत्ती?’’ मी हरिदासला पत्रावर पत्र टाकत होतो.

दिवाळीत हरिदास आला आणि त्याच्याबरोबर ट्रंकेएवढं यंत्रही आलं. पाडव्याला चार वाजता खेळ ठरला. आबासाहेबांनी आपला टेलिव्हिजन हातगाडीवर घालून पाठवला. हा संच त्यांनी मुंबईहून आणला होता आणि पाहुणे आले की ते अभिमानाने सुरू करीत. त्यात फक्त मुंग्या दिसत. पाहुणे अर्धा तास मुंग्या पाहून, ‘वा, छान आहे,’ म्हणून चहा घेऊन जात.

त्या दिवशी सकाळी हरिदास आईला घेऊन अक्कलकोटला दर्शनाला गेला. जाताना बजावून गेला, ‘‘मामा, तिकडची वीज निम्म्या दाबाची असते. ट्रान्स्फॉर्मर आईच्या घरी बॅगेत आहे, तो मी येताना आणतो. तोवर प्लगला हात लावू नका.’’

‘‘हरिदास,’’ मी म्हणालो, ‘‘मी बावीस वर्षं विजेच्या कचेरीत आहे. मला वीज शिकवतोस?’’ मी बिलांच्या टेबलावर आहे, ही गोष्ट वेगळी. विजेशी माझा संबंध ती वापरून झाल्यावर येतो.

चार वाजले. माझी बैठकीची खोली, ओसरी, खिडक्या, सगळीकडे माणसं. पुढे अगदी मधोमध ईश्वरप्पा आणि त्याची बायको ईरम्मा. ईश्वरप्पाने नवी टोपी घातली होती. साडेचार झाले, एसटीचा पत्ता नाही. मागून एक जण ओरडला, ‘‘साहेब, दिवाळी संपत आली की!’’ दुसरा म्हणाला, ‘‘फोनोवर लावा म्हनत हुतो!’’ ईश्वरप्पाने चष्मा काढून तिसऱ्यांदा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी प्लग लावला.

यंत्राने एक दीर्घ हुंकार दिला. एक हिरवा दिवा पेटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग यंत्राच्या पाठीतून धूर निघाला. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना वाटलं खेळ सुरू झाला. करपलेल्या रबराचा वास सुटला तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या, आणि आतून वच्छला पळी घेऊनच बाहेर आली. ‘‘काय जाळलंत?’’

‘‘अमेरिका,’’ मागून कुणीतरी म्हणालं.

लोक हसत, चिवडा खात, निघून गेले. ईश्वरप्पा तिथेच बसून होता. मी त्याच्याकडे पाहू शकत नव्हतो. तो उठला, यंत्राजवळ आला, गरम झाकणावर तळहात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. ‘‘उचलला न्हाई,’’ एवढंच म्हणाला. ईरम्मा कानडीत म्हणाली, ‘‘साकु, नडी,’’ म्हणजे पुरे झालं, चला. पण जाताना त्याने हत्तीच्या तबकडीचं पाकीट मागून घेतलं. ज्या पाकिटाला मी वच्छलेलाही ओला हात लावू दिला नव्हता, ते मी एका शब्दाने दिलं.

संध्याकाळी हरिदास आला. दारातच त्याने वास घेतला. मग बसला आणि म्हणाला, ‘‘मामा, वाईट वाटून घेऊ नका. खरं म्हणजे ट्रान्स्फॉर्मर असता तरी दिसलंच नसतं. तिकडचं चित्र आपल्याकडच्या सेटला लागत नाही.’’

‘‘मग आणलंस कशाला?’’

‘‘तुम्ही अकरा पत्रं पाठवलीत.’’

भाऊबीजेला ईश्वरप्पा फराळाला आला. मी मान खाली घालून बसलो होतो. त्याने चिवड्याला हात लावला नाही. चिवड्याच्या डब्याला मात्र लावला. खिशातून सुताचा दोरा काढून त्याने त्या मोठ्या गोल डब्याचा घेर मोजला, दोऱ्याला गाठ मारली आणि वच्छलेला विचारलं, ‘‘वैनी, रिकामा झाला की ह्यो मला द्याल का?’’ तिला वाटलं, बिचारा, घरात पीठ ठेवायला मागत असेल. तिने उरलेला चिवडा पातेल्यात ओतून डबा तिथल्या तिथे दिला.

पुढचे तीन आठवडे मी ईश्वरप्पाला टाळत होतो. चौकातून न जाता मागच्या बोळाने कचेरीत जायचो. त्या बोळात एक बैल बांधलेला असे आणि तो मला रोज हुसकावत असे, ते मी प्रायश्चित्त म्हणून सोसलं. तारीख जवळ येत होती. ह्या माणसाला आपण बोलबोलून आशेला लावलं आणि आता तो न पाहताच जाणार, हा विचार काही केल्या सुटेना. तबकड्या मी पुसणं सोडून दिलं होतं. आबासाहेब एकदा कचेरीत भेटले, तेव्हा म्हणाले, ‘‘तुम्ही आमच्या ईश्वरप्पाला काय केलंत हो? जेवणाच्या सुट्टीत जेवत नाही, कार्डं मारत बसतो. परवा म्हणाला, मागावरचा उभा ताणा संपत आलाय, शेवटचं दोन हात कापड मला द्या. ते कापून टाकायचेच असतात, मी म्हटलं घे. पण बाहेर काय आलं, तर हत्ती! आडवे पाडलेले! आणि एकासारखा दुसरा नाही. मी म्हटलं, ईश्वरप्पा, चाळीस वर्षांत असा माल काढला नाहीस. तर म्हणतो, मालक, ह्यो विकायचा न्हाई.’’

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी दुपारी तो आला. मागे ईरम्मा, तिच्या डोक्यावर वच्छलेचा डबा. वच्छलेने डबा ओळखला आणि कपाळाला हात लावला. डबा आतून-बाहेरून काळा रंगवला होता आणि वरच्या बाजूला पत्र्याच्या कात्रीने सारख्या अंतरावर बारा उभ्या फटी पाडल्या होत्या.

‘‘साहेब,’’ ईश्वरप्पा म्हणाला, ‘‘फोनो काढा.’’

‘‘फोनो?’’

‘‘व्हय. फोनो.’’

मी माळ्यावरून फोनो काढला. वच्छला मला शिडी धरून विचारत होती, ‘‘फोनोचं इथं काय काम हो?’’ आणि प्रत्येक पायरीवर पुन्हा विचारत होती.

ईश्वरप्पाने पाकीट पुढे केलं. त्याच्या मागच्या बाजूला खाली कोपऱ्यात एक लहानसं चित्र होतं: फटी पाडलेलं गोल पिंप आणि त्यात डोकावणारी दोन मुलं. कार्टून निघण्याच्या कितीतरी आधीचं हे खेळणं, अशी त्याखाली ओळ होती. ती ओळ मी सोंडेच्या आवाजासह निदान पन्नास वेळा लोकांना वाचून दाखवली होती. मी अक्षरं वाचली. ईश्वरप्पाला इंग्रजी येत नव्हतं, त्याने चित्र पाहिलं.

त्याने डबा फोनोच्या चकतीवर बरोब्बर मधोमध बसवला. मग कंबरेच्या पिशवीतून आडवे विणलेले हत्ती कापडाच्या लांबीत कापून केलेली, तीन बोटं रुंद अशी पट्टी काढली आणि डब्याच्या आत, फटींच्या खाली, गोल लावली. टोकाला टोक असं जुळलं की सांधा दिसेना. तांबड्यावर पांढरे बारा हत्ती. मी फोनोला चावी दिली, खटका सोडला, डबा गरगर फिरू लागला. ईश्वरप्पा मला म्हणाला, ‘‘तुमी बगा आदी.’’

‘‘नाही. आधी तुम्ही.’’

‘‘मला नीट दिसंल, न दिसंल. तुमी बगा आनि सांगा.’’

मी गुडघे टेकले, म्हणजे टेकवले, कारण ते सहजासहजी टेकत नाहीत, आणि फटींना डोळा लावला. पलीकडे हत्ती चालत होता. सुताचा, जाडाभरडा, सोलापुरी चादरीवरचा हत्ती, सोंड हलवत, एकेक पाय उचलत, जागच्या जागी चालत होता. मी पंचेचाळीस वर्षांचा हेडक्लार्क ‘‘चालला! अगं चालला!’’ असं ओरडत सुटलो. वच्छलेने मला बाजूला ढकललं. ती पाहायला लागली आणि डब्याबद्दल बोलायची विसरली. ईरम्माने पाहिलं आणि पदराने तोंड झाकून हसत सुटली. चावी उतरायला लागली की हत्ती दमायचा, मी पुन्हा चावी द्यायचो, तो पुन्हा निघायचा.

मग ईश्वरप्पा बसला. मी फोनो ओढून दारातल्या उन्हात घेतला. त्याने चष्म्याचा दोरा कानामागे घट्ट केला, एक डोळा मिटला, दुसरा फटींजवळ नेला. एक चावी संपली. मी दुसरी दिली. तो हलला नाही. मला वाटलं, दिसत नाहीये त्याला. एवढं करून दिसत नाहीये. मी तिसरी चावी देणार, एवढ्यात त्याने मान वर केली. चेहरा पडलेला.

‘‘दिसला नाही का?’’ मी विचारलं.

‘‘दिसला की. मागचा डावा पाय येक घर उशिरा पडतोय.’’

मी पुन्हा डोळा लावला. पाच मिनिटं पाहिलं. मला काही तो उशीर दिसेना. ईश्वरप्पा मात्र पट्टी काढून उजेडात धरून, बोटाने घरं मोजून दाखवत होता. ‘‘ह्यो सातवा. हितं भोक सुटलंय. आठव्याला पाय येकदम खाली आलाय. बगा, लंगडतोय बिचारा.’’ आणि असं म्हणताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू पसरलं, तसं मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. उभा राहिलेला हत्ती लंगडत नाही. लंगडायला आधी चालावं लागतं.

त्याने पट्टी पिशवीत टाकली. मी ती मागितली.

‘‘छे छे. सेकंड माल हाय. रुंदीत अशा सा पट्ट्या निघाल्या, पाच फडक्याला देऊन टाकल्या. डोळं आल्यावर दुसरी करतो, मग ती घ्या.’’

‘‘मला हीच हवी.’’

बरीच ओढाताण झाली. शेवटी तो म्हणाला, ‘‘बरं. पन तुमची ती वही हाय न्हवं, तिच्यात लिवा. चूक लिवून ठेवा. उगं लोकांला वाटंल, ईश्वरप्पाला कळलं न्हाई.’’

मी वही काढली. क्रमांक दहा. नाव: हत्ती. कुठून आला: आबासाहेबांच्या कारखान्यातून, ताण्याच्या शेवटाचा. स्थिती, ह्या रकान्यात त्याने समोर बसून लिहून घेतलं: सातव्या हत्तीचा मागचा डावा पाय एक घर चुकलेला आहे. शेवटच्या रकान्यात मी सवयीने ‘ना’ लिहिलं. वच्छला खांद्यावरून पाहत होती. तिने माझ्या हातातून टाक घेतला, ‘ना’वर आडवी रेघ मारली आणि पुढे ‘हो’ लिहिलं. मग फोनोवरचा डबा उचलला, आत डोकावून वास घेतला आणि ईश्वरप्पाला विचारलं, ‘‘भावजी, हा रंग धुतला तर जातो का हो?’’